पाठीमागून हाक

लॅबमधल्या भट्टीची तार जळाली आणि मालकांनी दुपारीच सगळ्यांना घरी पिटाळलं, म्हणून तो त्या दिवशी भलत्याच वेळी घरी पोचला. भट्टी नसली की कृत्रिम दातांचं काम अडून बसतं. पावडर पाण्यात कालवून, ब्रशनं थर देऊन कितीही सुरेख दात उभा केला, तरी भाजल्याशिवाय तो दात होत नाही. बोट लागलं की ढासळतो. एरवी तो दिवेलागणीला घरी यायचा आणि आल्याबरोबर दारातलं बटण दाबायचा, म्हणजे स्वयंपाकघरातला दिवा उघडझाप करायचा आणि मुलीला बाबा आल्याचं कळायचं. त्या दुपारी बटण दाबायचं त्याला सुचलंच नाही. न्हाणीघरात कपडे धुण्याचं मशीन घरघरत होतं, त्याच्या थरथरीनं घरभरची लाकडी जमीन हलत होती, त्यामुळे त्याच्या पावलांची चाहूल कुणालाच लागली नाही. बोळातून अर्धं स्वयंपाकघर दिसत होतं. टेबलाशी बायको बसली होती, तिच्यासमोर मुलगी, आणि दोघी बोलत होत्या. हातांनी. एकीचे हात थांबायच्या आत दुसरीचे सुरू होत होते, भुवया उडत होत्या, गाल फुगत होते, मध्येच मुलीनं टेबलावर थाप मारली आणि बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला. या बाईला असं हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं, हे त्याला आठवेना. मग मुलीनं उजव्या हाताचं मनगट उलटं करून नाकाच्या शेंड्यावरून वर सरकवलं, चष्मा वर ढकलावा तसं. ते मात्र त्याला कळलं. दिवसभर त्याची बोटं मेणानं नाहीतर प्लास्टरनं भरलेली असायची, म्हणून चष्मा घसरला की तो मनगटानंच वर ढकलायचा. तो होता तो. आपल्याच घरात आपली नक्कल चालली होती. चोरी करताना सापडल्यासारखा तो पावलं न वाजवता मागे सरला, दार ओढून घेतलं आणि जिना उतरून रस्त्यावर आला.

कुठे जायचं होतं असं नाही. दुपारच्या त्या वेळी रस्त्यावर सगळी न कमावणारी माणसं असतात: म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, आजारी. त्यांच्यातून वाट काढत तो चालत राहिला आणि मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत राहिली की हे आजचं नाही. इतकी सफाई आठवड्या-महिन्यात येत नाही, हे हातानं काम करणाऱ्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. स्वतःला पहिली धड कवळी जमायला किती दिवस लागले होते! म्हणजे वर्षं झाली असणार. तो दारातलं बटण दाबायचा, दिवा उघडझाप करायचा, आणि आत चार हात खाली यायचे. तो आत आला की दोघी कशा शांत बसलेल्या असायच्या. त्याला वाटायचं, किती शांत घर आहे आपलं. लॅबमधल्या लोकांना तो अभिमानानं सांगायचादेखील. अनोळखी माणसांच्या तोंडात कुठे काय दुखत असेल हे नुसत्या साच्यावरून ओळखणारा हा गृहस्थ, आणि स्वतःच्या घरात काय बोलणं चाललंय याचा त्याला वर्षानुवर्षं पत्ता नव्हता.

मुलगी चार वर्षांची असताना तापानं फणफणली होती. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. हाक मारली की वळत नाही म्हणून बायकोनं तिला एक चापट मारली होती, आणि त्या चापटीसाठी ती नंतर कितीतरी रात्री रडली. डॉक्टरांनी यंत्र दिलं. कानामागे अडकवायचं, भुईमुगाच्या शेंगेएवढं. त्यातून तिला थोडंफार कळायचं. दार आपटलेलं, भांडं पडलेलं, कुत्रं अगदी जवळ भुंकलेलं. त्याच सुमाराला तो मंडळीत जायला लागला होता. भाड्याच्या सभागृहात भरणारी लहानशी ख्रिस्ती मंडळी होती ती, लोखंडी खुर्च्या, पुढे एक साधं मेज. त्या मंडळीची एक रीत होती. एखाद्यानं देवाकडे काही मागितलं आणि देवानं वचन दिलं अशी मनाची खात्री पटली, की मिळायची वाट न पाहता त्यानं उभं राहून आधीच आभार मानायचे आणि जी वस्तू आता लागणार नाही ती पुढच्या मेजावर ठेवून द्यायची. लंगड्यानं काठी ठेवायची. दारू सोडणाऱ्यानं बाटली नव्हे, तर ती उघडायची चावी ठेवायची. म्हातारे पाळक म्हणायचे, मागे परतायची वाट उघडी ठेवून पुढे चालतो तो विश्वास कसला, तो तर हिशेब. आणि मेजावर ठेवलेली वस्तू परत उचलायची नाही, हा त्या रीतीचा कणा होता. एका रविवारी प्रार्थना चालली असताना मंडळीतली एक वयस्क परिचारिका डोळे मिटून उभी राहिली. ती फार बोलणारी बाई नव्हती, म्हणून सगळे गप्प झाले. ती म्हणाली, "बाप पाठीमागून हाक मारील आणि लेक वळून बघेल." एवढंच बोलली आणि खाली बसली. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. खोटं नव्हतं ते. आज इतक्या वर्षांनी, फुटपाथवर कुणाचा तरी धक्का लागून चष्मा सावरतानासुद्धा तो स्वतःशी हेच म्हणाला की खोटं नव्हतं. छातीत ऊब भरून आली होती, कुणीतरी शेजारी येऊन उभं राहावं तशी. तो मुलीला कडेवर घेऊन पुढे गेला, तिच्या कानामागचं यंत्र काढलं आणि मेजावर ठेवलं. मंडळी हालेलूया म्हणाली. मुलगी यंत्राकडे हात करून रडायला लागली. बायकोनं तिला घेतलं.

यंत्राबरोबर बाकीचंही आपोआप गेलंच. बहिऱ्या मुलांच्या शाळेत नाव घालायचं ठरलं होतं ते त्यानं रद्द केलं. ज्या मुलीला ऐकू येणार आहे तिनं हातवारे कशाला शिकायचे? हातवारे शिकवणं म्हणजे देवाला तोंडावर सांगणं, की तू करशील असं वाटत नाही बाबा, आम्ही आमची सोय करून ठेवतो. त्यानं तिला साध्या शाळेत घातलं, पहिल्या बाकावर, आणि रोज संध्याकाळी समोर बसवून ओठ वाचायला शिकवलं. तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून तो शब्द उच्चारायचा, मग तिच्या गळ्यावर आपली बोटं ठेवून तिच्याकडून म्हणवून घ्यायचा. बाबा. आई. पाणी. थांब. असे मोजके शब्द तिला यायला लागले, घोगरे, आतून ओढून काढल्यासारखे. बाहेरच्यांना ते शब्द आहेत हेसुद्धा कळायचं नाही. शाळेत पोरं त्या आवाजाची टवाळी करायची. मग तिनं बाहेर आवाज काढणं सोडलं. तो म्हणायचा, थोडं थांब. ओठ मोठे करून, सावकाश, तिला नीट दिसावं म्हणून: थां-ब. आणि रोज सकाळी, ती खिडकीशी केस विंचरत उभी असताना, तो तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा आणि हाक मारायचा. "चिमणे." घरातलं लाडाचं नाव. मोठ्यानं नाही, घरात कुणी कुणाला मारील तशी साधी हाक. ती वळायची नाही. तो क्षणभर थांबायचा, आभार मानायचा आणि कामाला जायचा. सर्दी-तापात, पावसापाण्यात, ज्या सकाळी त्याची आई गेल्याचा निरोप आला त्या सकाळीसुद्धा त्यानं ही हाक चुकवली नव्हती. त्या हाकेशिवाय त्याच्या दिवसाची सुरुवात व्हायची नाही.

एकदा ती वळली होती. नऊ-दहा वर्षांची असेल. हाक मारली आणि तिनं मान वळवली, सरळ त्याच्याकडे बघितलं आणि हसली. तो तिथेच गुडघ्यावर बसला. रविवारी मंडळीपुढे रडत रडत साक्ष दिली, लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, म्हाताऱ्या पाळकांचे डोळे भरून आले. ती परिचारिका तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, तिच्या घरी जाऊन त्यानं सांगितलं. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि पुढच्याच आठवड्यात ती गेली. सोमवारी त्यानं हाक मारली. मुलगी वळली नाही. मंगळवारी नाही. त्यानंतर कधीच नाही. लोक आधी विचारायचे, मग विचारेनासे झाले, मग तो साक्ष द्यायला उठला की खुर्च्या कुरकुरायच्या. नवे पाळक तरुण आणि समंजस होते, एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, देव वेगळ्या रीतीनंही उत्तर देतो." त्याला ते अजिबात आवडलं नाही. वेगळ्या रीतीनं द्यायचं होतं तर वचन वेगळं द्यायचं होतं. मेजावरच्या वस्तू जुन्या झाल्यावर कुणीतरी पेटीत भरून ठेवल्या. लॅबमध्ये त्याच्या शेजारी बसणारा साचेवाला, जो देवाधर्माच्या वाटेला जात नसे, तो प्लास्टर ढवळता ढवळता म्हणायचा, "तुझ्या देवाकडे आपल्यापेक्षा जास्त काम पेंडिंग दिसतंय." ते ऐकून तोही हसायचा. हसताना त्याला आतून राग यायचा, साचेवाल्याचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा तरी. पण हे त्यानं कधी कबूल केलं नाही, प्रार्थनेतही नाही.

बागेच्या कडेला एक बाक होता तिथे तो बसला. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले तर समोर ते चार हात यायला लागले. प्रभू, एवढंच त्यानं म्हटलं. त्याला बायकोचा संताप आला. हिनं मागची वाट उघडी ठेवली. आपण इकडे दिवसरात्र दार धरून उभे आणि ही मागच्या दारानं जा-ये करतेय. म्हणूनच तर अडलं नसेल ना सगळं? एका घरात एक विश्वास ठेवणार आणि दुसरा त्याच्या पाठीमागे तो उसवत बसणार, तर देवानं तरी काय करावं? हा विचार आला आणि त्याला चक्क बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या न झालेल्या गोष्टीला कारण सापडलं होतं. आणि बरं वाटलं याचीच मग त्याला भीती वाटली, कारण बायकोचं ते हसणं अजून त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते पाप करणाऱ्या बाईचं हसणं वाटत नव्हतं. माणसं घरी परतायला लागली, दुकानांतले दिवे लागले. तोही उठला. नेहमीच्या वेळी नेहमीसारखं दारातलं बटण दाबून आत गेला.

मुलगी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. बायकोनं चहा पुढे ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही.

"मी दुपारी येऊन गेलो," तो म्हणाला.

बायको ओट्याकडे वळली होती ती तशीच थांबली. मग पदराला हात पुसत त्याच्यासमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत घाबरून बोलायची तिला सवय झाली होती, पण आता ती घाबरलेली दिसली नाही, दमलेली दिसली.

"मशीन चालू होतं," ती म्हणाली. "नाहीतर तिला कळलं असतं."

"कळलं असतं म्हणजे?"

"अहो, तिला पायांना कळतं. लाकडाची जमीन आहे. कोण आलं, कोण गेलं, कुठं उभं राहिलं, सगळं कळतं तिला."

त्याला आधी उमगलं नाही. मग उमगलं, आणि त्यानं टेबलाची कड धरली.

"सकाळी?" त्यानं विचारलं.

"रोज," बायको म्हणाली. "तुम्ही मागे येऊन उभे राहता ते तिला रोज कळतं. लहान होती तेव्हा एकदा वळली. बाबा मागे आलेत म्हणून वळली हो, लेकरूच ते. मग तुम्ही मंडळीत रडलात, सगळ्यांनी तिला उचलून घेतलं, आणि तुम्ही कशासाठी रडलात ते तिला नंतर समजलं. त्या दिवसापासून मुद्दाम वळत नाही. तुम्ही जाईपर्यंत अंग आवळून उभी राहते. मी तिला म्हटलं होतं, वळ गं, एकदा वळलीस तर काय बिघडेल, बापाचा जीव शांत होईल. मला म्हणाली, देवाच्या नावानं खोटं करायचं नाही."

"म्हणाली." त्यानं फक्त तो शब्द उचलला. "कधी शिकलात हे?"

"शिवणाच्या क्लासला होती ना, तिथे दोन मुली होत्या तिच्यासारख्या. त्यांच्याकडून ती शिकली, तिच्याकडून मी. तुम्ही रागवाल म्हणून नाही सांगितलं. म्हणजे रागवाल म्हणून नाही," ती अडखळली, "तुम्ही मोडून पडाल म्हणून."

"आणि माझी नक्कल करता दोघी? हे असं?" त्यानं मनगटानं चष्मा वर ढकलल्यासारखं केलं.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "नक्कल कसली! नाव आहे ते. त्यांच्यात प्रत्येकाला नाव असतं. ते तुमचं. तिनंच ठेवलंय."

मुलगी दारात येऊन उभी होती. तिनं आईचा चेहरा पाहिला, बापाचा पाहिला, आणि न सांगताच तिला सगळं समजलं असावं, कारण ती येऊन बसली आणि लपवाछपवी न करता तिनं हात वर केले. तो समोर असताना पहिल्यांदाच. ती सावकाश बोलत होती, म्हाताऱ्या माणसांशी बोलावं तशी. बायको तिच्या हातांकडे बघत बोलत गेली; आवाज बायकोचा आणि माणूस दुसरंच, हे त्याला सहन होईना, पण त्यानं मान वळवली नाही.

"ती म्हणतेय, तिला नोकरी लागलीय. बहिऱ्या मुलांच्या शाळेत. बोटं धरून ही हातांची भाषा शिकवायची लहान मुलांना. दुसऱ्या शहरात आहे. राहायची सोय तिथंच. पहिल्या तारखेला निघायचंय."

"मला कुणी सांगितलं नाही."

बायकोनं ते मुलीला सांगितलं नाही. स्वतःच म्हणाली, "कशी सांगणार होती? कुठल्या भाषेत?"

तो मुलीकडे वळला. ओठ मोठे करून, सावकाश, तिला शिकवल्याप्रमाणे बोलला: "देवानं वचन दिलंय. तुला ऐकू येईल. मी सोडलेलं नाही अजून." आणि हे म्हणताना त्याला स्पष्ट जाणवलं की ते खरं आहे. विश्वास गेला नव्हता. तो गेला असता तर सोपं झालं असतं. माणूस रडतो, शिव्या देतो, मोकळा होतो. तो तसाच होता, कुणीही न हलवलेला, आणि त्याच्या समोर ही बसली होती.

मुलीनं मान डोलावली. तिला माहीत होतं. मग तिचे हात पुन्हा वर आले, आणि या वेळी बायको मध्येच थांबली. मुलीनं तिच्या कोपराला हात लावला, सांग म्हणून.

"ती म्हणतेय," बायको म्हणाली, "मीपण मागितलं होतं. देवाकडेच. तुमच्यासारखंच, रोज. सकाळी तुम्ही मागे उभे राहायचात तेव्हा. मला कान नको होते. मी मागायचे की बाबा आज तरी पुढं येऊ देत. माझ्यासमोर येऊन उभे राहू देत आणि माझ्याशी बोलू देत. मला खात्री होती की होईल. आईला मी सांगितलं होतं की होणारच आहे, तू बघ."

"मग?" तो म्हणाला. त्याचे ओठ तिनं वाचले.

"मग गेल्या वर्षी सोडलं," बायको म्हणाली. "म्हणते, आता मागत नाही. काहीच मागत नाही. मंडळीत येते ती आईसाठी."

एक मागणं रोज सकाळी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभं होतं, त्याच देवाकडे, त्याच वेळी, आणि ते पुरं करायला आकाश उघडावं लागणार नव्हतं, चार पावलं टाकून खिडकीच्या पुढे जावं लागणार होतं. तेवढं त्याच्याकडून झालं नव्हतं. आपण कधीच सोडलं नाही याचा त्याला केवढा अभिमान होता. आणि त्याच्या न सोडण्याखाली या पोरीचा विश्वास हळूहळू मेला होता, त्याच घरात, त्याच खोलीत, आणि त्याला आवाजसुद्धा आला नव्हता.

त्यानं हात टेबलावर ठेवले. बोटांच्या पेरांत अजून सकाळचं प्लास्टर होतं. हे हात उचलायचे म्हणजे मेजावर ठेवलेलं परत उचलायचं; ज्या क्षणी आपण हे शिकू त्या क्षणी ती सगळी वर्षं, त्या सगळ्या सकाळी वाया गेल्या असं आपणच देवाला सांगू. आणि उद्याच जर तिचे कान उघडायचे असले तर? उद्याच असलं तर? हे उद्या किती वेळा येऊन गेलं होतं! त्याला हुंदका आला. तो लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही, आणि मग, आपल्याच कुणाशी तरी आपण दगा करतो आहोत असं वाटत असतानाच, त्यानं दोन्ही हात टेबलावरून वर उचलले.

"मला एक शब्द शिकव," तो बायकोला म्हणाला.

"कोणता?"

"थांब."

बायकोनं मान हलवली. "तो नको," ती हलकेच म्हणाली. "तो तुम्ही जन्मभर सांगितलात तिला. दुसरा विचारा."

तो विचार करू लागला. मुलीला सांगायच्या गोष्टी काय कमी होत्या? पण त्या सगळ्या त्यानं तिला ऐकू येईल त्या दिवसासाठी राखून ठेवल्या होत्या, आणि आता त्यातली एकही हाताशी येईना. मुलगी त्याच्या हातांकडे बघत होती. निघायची घाई नसल्यासारखी बसली होती, पण तिच्या चेहऱ्यावर कसलीच अपेक्षा नव्हती. बायको म्हणाली, "सांगा ना. कोणताही सांगा." तो हात तसेच वर धरून बसला होता आणि त्याला शब्द सुचत नव्हता.